फ्रीजमागची चिठ्ठी आणि राष्ट्रांचा स्वार्थ

घरातील फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढला, तर त्याच्या पाठीवर, कॉम्प्रेसरच्या आसपास, एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली दिसते. व्होल्टेज, वजन, क्षमता अशा आकड्यांच्या गर्दीत तिच्यावर एक ओळ असते : आर-१३४ए किंवा आर-६००ए. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा फ्रीज कोणी अजून जपून ठेवला असेल, तर त्यावर बहुधा आर-१२ असे लिहिलेले आढळेल. ही फ्रीजच्या नळ्यांतून खेळणाऱ्या वायूची नावे होत. दुरुस्तीला आलेला मिस्त्री ‘गॅस भरावा लागेल’ असे म्हणतो, तो हाच गॅस. एका नावाच्या जागी दुसरे नाव कसे आले, ही कथा रसायनशास्त्राची आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक ती आंतरराष्ट्रीय राजकारणाची कथा आहे. परस्परांवर विश्वास नसलेल्या राष्ट्रांनी एक करार केला, तो बऱ्याच अंशी पाळला, आणि त्याचा परिणाम आपल्या स्वयंपाकघरातील एका यंत्रापर्यंत येऊन पोहोचला.

रोजचे वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाला हे सहजासहजी पटणार नाही. कुठे युद्ध, कुठे आयातशुल्काची चढाओढ, कुठे मोडलेल्या तहांची यादी. ‘राष्ट्रे स्वार्थीच असतात, त्यांच्यात एकमत होणे नाही,’ असा निष्कर्ष आपण चहाचा पेला खाली ठेवता ठेवता काढतो. या निष्कर्षाचा पूर्वार्ध खरा आहे असे मानणारे मोठमोठे विचारवंत होऊन गेले. प्रश्न उत्तरार्धाचा आहे. राष्ट्रे स्वार्थी असतात असे मान्य केले, तरी त्यांच्यात एकमत होणे नाही हे त्यातून सिद्ध होते काय?

वर कोणीच नाही

गावात दोघांचे भांडण झाले तर पंच असतात, पोलीस असतात, न्यायालय असते. राष्ट्रांच्या डोक्यावर असे कोणी नसते. संयुक्त राष्ट्रसंघ आहे. परंतु त्याच्याजवळ स्वतःचे सैन्य नाही, आणि बड्या पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचे शास्त्र या एका वस्तुस्थितीपासून सुरू होते. तिला अभ्यासक ‘अराजक’ म्हणतात. अराजक म्हणजे गोंधळ नव्हे; सर्वांच्या वर एक सत्ता नसणे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे या स्थितीला फार जुने नाव आहे : मात्स्यन्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो. दंडशक्ती नसेल तर समाजाची हीच गत होते, असे कौटिल्य सांगतो. राज्याच्या आत राजा हा त्यावरचा उपाय; पण दोन राज्यांच्या मध्ये कोण? म्हणून त्याने मंडलाचा सिद्धांत मांडला : लगतचा शेजारी हा स्वभावतः शत्रू आणि शेजाऱ्याच्या पलीकडचा तो मित्र. ग्रीसमध्ये थ्युसिडिडीसने अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धाचा इतिहास लिहिताना साधारण हाच कठोर सूर लावला. विसाव्या शतकात हान्स मॉर्गेंथाऊ यांनी १९४८ मध्ये आणि केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये त्याला आधुनिक शास्त्राचे रूप दिले. या परंपरेला वास्तववाद म्हणतात. तिचे म्हणणे थोडक्यात असे : राष्ट्राला प्रथम स्वतःचे अस्तित्व टिकवायचे असते, त्यासाठी सामर्थ्य लागते, आणि दुसऱ्याचे सामर्थ्य वाढले की आपले कमी झाले असे ते मानते. यामुळेच सहकार्य होते ते तात्पुरते आणि सोयीपुरते.

कौटिल्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्याला केवळ कपटनीतीचा आचार्य ठरवण्याची प्रथा पडली आहे. परराष्ट्रधोरणाचे सहा मार्ग तो देतो, त्यांत पहिला संधी आहे, विग्रह दुसरा. संधी आणि विग्रह यांपासून होणारा लाभ सारखाच असेल, तर संधी पत्करावी असे त्याचे स्पष्ट मत आहे. कारण युद्धात क्षय, खर्च आणि प्रवासाचे हाल ठरलेलेच. हे दयेचे नव्हे, हिशेबाचे वचन आहे. पुढील कथेत त्याची आठवण होईल.

एक निरुपद्रवी वायू

सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू वापरीत. ते गळले तर घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह त्यांना पर्याय शोधला : क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी. १९३० मध्ये एका सभेत मिजली यांनी हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही. फ्रीज, वातानुकूलन यंत्रे, अत्तराचे फवारे, गाद्यांतील फोम, इलेक्ट्रॉनिक भागांची सफाई, सर्वत्र तो शिरला.

कशाशी संयोग पावत नाही हाच त्याचा दोष ठरला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोघांनी दाखवून दिले की, खाली न मोडणारा हा वायू अनेक दशके हवेत राहून वर चढतो, तेथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो, आणि त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो. ओझोनचा हा थर पृथ्वीवरील जिवांचे अतिनील किरणांपासून रक्षण करतो. तो विरळ झाला तर त्वचेचे कर्करोग, मोतीबिंदू, पिकांची हानी. सारे गणित कागदावर होते. आकाशात अद्याप काहीच दिसले नव्हते.

दिसले ते १९८५ च्या मे महिन्यात. अंटार्क्टिकावरील हॅली येथील ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकापासून एका साध्या उपकरणाने ओझोनची नोंद ठेवली जात असे. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी ती नोंद तपासून जाहीर केले की, तेथील वसंत ऋतूत ओझोन पूर्वीच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक घटतो आहे. अमेरिकेच्या उपग्रहालाही हे आकडे मिळाले होते. परंतु इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला पडले होते. वर्षानुवर्षे न कंटाळता एकाच ठिकाणी एकच मोजमाप करीत राहणाऱ्या माणसांचे मोल अशा वेळी कळते.

ज्याचा त्याचा हिशेब

आता राष्ट्रांकडे वळू. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने फवाऱ्यांतील सीएफसीवर बंदी घातली; कॅनडा, स्वीडन, नॉर्वे यांनीही तशी पावले उचलली. युरोपातील ब्रिटन आणि फ्रान्स मात्र अडून बसले. त्यांची कारणे वास्तववाद्यांच्या पुस्तकातून काढल्यासारखी होती. त्यांच्या कारखान्यांची निर्यात मोठी होती. शिवाय त्यांना संशय होता की, अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीने पर्यायी रसायन गुपचूप तयार केले असावे, आणि पर्यावरणाच्या नावाखाली युरोपीय उद्योगाची बाजारपेठ बळकावण्याचा हा डाव असावा. ‘दोघांचाही फायदा होईल, पण तिचा माझ्यापेक्षा अधिक होईल’, ही ती भीती. जोसेफ ग्रीको या वास्तववादी अभ्यासकाने १९८८ मध्ये हाच मुद्दा मांडला : राष्ट्र केवळ ‘मला किती मिळाले’ हे पाहत नाही, ‘त्याला माझ्यापेक्षा किती जास्त मिळाले’ हे पाहते. भावाभावांच्या वाटण्या पाहिलेल्या वाचकाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेत तरी सगळे एकमताचे होते असे नाही. १९८७ मध्ये तेथील एका मंत्र्याने करारापेक्षा लोकांनी टोप्या आणि गॉगल वापरावेत असे सुचवल्याची बातमी फुटली आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. परंतु सरकारने खर्चाचा व लाभाचा जो अंदाज केला, त्यात कर्करोगाच्या टळणाऱ्या रुग्णांची किंमत सीएफसी सोडण्याच्या खर्चाहून कितीतरी मोठी निघाली. अध्यक्ष रेगन यांच्या स्वतःच्या नाकावरून त्वचेचा कर्करोग काढण्यात आला होता; त्याचा त्यांच्या निर्णयावर किती परिणाम झाला हे त्यांचे त्यांना ठाऊक. एवढे खरे की नियमनाला एरव्ही विरोध करणाऱ्या या सरकारने कडक कराराचा आग्रह धरला. सर्वांत बलाढ्य राष्ट्राने पुढाकार घेतला म्हणून करार झाला, असे वास्तववादी म्हणतात, ते अगदीच चुकीचे नाही.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रिऑल शहरात २४ राष्ट्रे आणि युरोपीय समुदाय यांनी सह्या केल्या. वाटाघाटींचे सूत्र संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा यांच्या हाती होते. सीएफसीचा वापर १९८६ च्या पातळीवर गोठवायचा आणि शतक संपण्यापूर्वी निम्म्यावर आणायचा, असे ठरले. भारताची आणि चीनची सही त्यावर नव्हती.

करार पाळावा का?

सही करणे सोपे, पाळणे अवघड. या अडचणीचे चित्र अभ्यासक एका कूटकथेने रंगवतात. दोन आरोपी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. दोघेही गप्प राहिले तर दोघांनाही थोडी शिक्षा. एकाने दुसऱ्याविरुद्ध साक्ष दिली तर तो सुटतो आणि दुसरा पुरता अडकतो. दोघांनीही साक्ष दिली तर दोघांनाही बरीच शिक्षा. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणा करतो, साक्ष देतो, आणि दोघांचेही नुकसान होते. सीएफसीचेही तसेच होते. इतरांनी बंद करावा आणि मी स्वस्तात विकत राहावा, हेच प्रत्येकाच्या सोयीचे.

१९८४ मध्ये दोन पुस्तके निघाली आणि त्यांनी या कोठडीला एक खिडकी पाडली. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळवून पाहिला. जी नीती सरस ठरली ती अगदी साधी होती : पहिल्यांदा विश्वास ठेवायचा, नंतर समोरचा जसे वागेल तसे वागायचे. एकदाच भेटणाऱ्याला फसवणे फायद्याचे असते. ज्याच्याशी उद्याही व्यवहार आहे त्याला फसवणे महाग पडते. बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्या घराण्यांना हे संगणकाने सांगावे लागले नसते. दुसरे पुस्तक रॉबर्ट कोहेन यांचे. त्यांचे म्हणणे असे की, राष्ट्रे स्वार्थी आहेत हे गृहीत धरूनही सहकार्य शक्य असते. मात्र त्यासाठी संस्था लागतात. संस्था माहिती गोळा करते, कोण काय करतो ते सर्वांना दाखवते, पुन्हा पुन्हा एकत्र बसवते. विश्वास नसला तरी हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी असली, की व्यवहार होऊ शकतो. या विचाराला उदारमतवादी संस्थावाद असे नाव आहे.

माँट्रिऑल करारात ही वही होती : दर वर्षी उत्पादन, आयात व निर्यात यांचे आकडे कळवण्याचे बंधन. पण खरी किमया दुसऱ्या कलमात होती. करारात सामील राष्ट्रांनी बाहेरच्या राष्ट्रांशी सीएफसीचा व्यापार करायचा नाही, आणि पुढे सीएफसी असलेला मालही त्यांच्याकडून घ्यायचा नाही. या एका अटीने सारा डाव फिरला. पूर्वी बाहेर राहणाऱ्याचा फायदा होता. आता बाजारपेठा एकामागून एक कुंपणाच्या आत जाऊ लागल्या आणि बाहेर राहणारा एकटा पडू लागला. दक्षिण कोरिया १९९२ मध्ये आत आला, तो ओझोनच्या प्रेमाने आला असे मानण्याचे कारण नाही. त्याचे फ्रीज आणि मोटारी परदेशी विकल्या जात होत्या.

ड्यू पाँटनेही मार्च १९८८ मध्ये सीएफसीचे उत्पादन क्रमाने थांबवण्याची घोषणा केली. जगातील सुमारे चतुर्थांश उत्पादन या एका कंपनीचे होते. पर्याय तयार करण्याची ताकद तिच्यापाशी इतरांहून अधिक होती, म्हणजे बंदी आल्यास नव्या मालाची बाजारपेठ तिचीच. कंपनीचा स्वार्थ आणि आकाशाचे हित येथे एका रेषेत आले. असे नेहमी घडत नाही, हे पुढे आपण पाहणारच आहोत.

भारताचा प्रश्न

आता या कथेतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. भारताने सही केली नव्हती, ती अडमुठेपणाने नव्हे. अमेरिकेत त्या काळी दरडोई वापर वर्षाला एका किलोच्या घरात वा त्याहून थोडा अधिक होता. भारतात तो काही ग्रॅम. येथे फ्रीज हीच चैनीची वस्तू होती. लग्नात आला तर साऱ्या आळीत चर्चा होई. वर पडलेले भोक आपण पाडलेले नव्हते. ज्यांनी पाडले त्यांनीच नव्या रसायनाचे पेटंट घ्यायचे, आणि ते महाग रसायन आपण विकत घ्यायचे, हा कोठला न्याय?

करारात विकसनशील राष्ट्रांना दहा वर्षांची सवलत होती, आणि त्या काळात दरडोई ०.३ किलोपर्यंत वापर वाढवण्याची मुभाही. हा आकडा लहान दिसतो. १९९१ च्या जनगणनेनुसार आपण साडेचौऱ्यांशी कोटींच्या वर होतो. गुणाकार करून पाहावा : वर्षाला अडीच लाख टनांहून अधिक. एकट्या भारताने ही मुभा पुरती वापरली असती, तर युरोप-अमेरिकेने केलेली कपात बरीचशी वाया गेली असती. चीनचे गणित याहून मोठे. दुर्बळ मानल्या गेलेल्या या दोन राष्ट्रांच्या हाती असा एक हुकमाचा पत्ता होता, आणि तो शस्त्राचा नव्हता. केवळ आपल्या संख्येचा आणि आपल्या भविष्यातील गरजेचा होता.

जून १९९० मध्ये लंडनला सभा भरली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यजमान होत्या. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या पदवीधर, आणि एव्हाना ब्रिटनची भूमिकाही पालटली होती. भारताच्या वतीने पर्यावरणमंत्री मनेका गांधी होत्या. मागणी सरळ होती : नवे तंत्रज्ञान मिळण्याची व्यवस्था करा, त्याचा खर्च द्या, मगच आम्ही बांधून घेऊ. अशा निधीला अमेरिकेचा विरोध होता, कारण हा पायंडा पडला तर उद्या हवामानबदलाच्या प्रश्नावरही हीच मागणी होईल अशी तिला भीती होती. सभेच्या तोंडावर तिने माघार घेतली. बहुपक्षीय निधी स्थापन झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन सामील झाल्यास आणखी ८ कोटी. शेवटची अट वाचली म्हणजे त्या दोघांची किंमत किती होती ते कळते.

निधीची रचनाही पाहण्यासारखी आहे. त्याच्या कार्यकारी समितीत १४ सदस्य. सात श्रीमंत राष्ट्रांचे, सात विकसनशील राष्ट्रांचे. मतदानाची वेळ आलीच, तर एकूण दोन-तृतीयांश मतांबरोबर दोन्ही गटांचे स्वतंत्र बहुमत हवे. पैसे देणाऱ्याचा शब्द अखेरचा, हा जागतिक संस्थांचा नेहमीचा रिवाज येथे मोडला गेला. आजवर या निधीतून अब्जावधी डॉलर खर्च झाले आहेत. जागतिक राजकारणाच्या मानाने ही रक्कम किरकोळ म्हणावी लागेल.

चीन १९९१ मध्ये आणि भारत जून १९९२ मध्ये करारात आला. पुढे भारतातील सीएफसी कारखाने क्रमाने बंद करण्यासाठी ८.२ कोटी डॉलरची मदत मंजूर झाली. २०१० च्या आरंभापर्यंतची मुदत असताना १ ऑगस्ट २००८ पासूनच, दम्याच्या रुग्णांच्या फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून, आपण सीएफसी थांबवला. फ्रीज बनवणाऱ्यांपैकी गोदरेजने हायड्रोकार्बन वायूचा मार्ग निवडला. चिठ्ठीवरचा आर-६००ए तो हाच. हा आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला, आणि त्यावर कोणाचे पेटंट नाही.

लंडनमधील भारताची भूमिका म्हणजे स्वार्थ की न्याय? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. न्यायाची मागणी मान्य झाली, कारण ती नाकारणे महाग पडले असते. पण ती नुसत्या सौदेबाजीच्या भाषेत मांडली गेली असती, तर तिला इतर शंभर गरीब राष्ट्रांचा पाठिंबा मिळाला नसता.

शब्दांनी बदललेले हित

येथे तिसरा विचार आपले म्हणणे पुढे करतो. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात प्रतिपादन केले की, अराजकाला स्वतःचा असा अर्थ नसतो. राष्ट्रे त्याला जो अर्थ देतात तोच त्याचा अर्थ. ब्रिटनच्या शेकडो अण्वस्त्रांची अमेरिकेला भीती वाटत नाही, उत्तर कोरियाच्या मूठभर अण्वस्त्रांची वाटते. शस्त्र तेच, नाते वेगळे. या विचाराला रचनावाद म्हणतात. हित हे खाणीतून काढलेल्या दगडासारखे तयार मिळत नाही, ते चर्चेतून, ओळखीतून, ज्ञानातून घडत जाते.

ओझोनच्या बाबतीत हे घडणे डोळ्यांनी दिसते. १९८५ पूर्वी फ्रान्सचे हित सीएफसी विकण्यात होते. पाच वर्षांनंतर ते सीएफसी थांबवण्यात होते. मधल्या काळात फ्रान्सचे सैन्य वा भूगोल बदलला नव्हता. बदलले होते ते ज्ञान. पीटर हास यांनी दाखवले आहे की, निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांचे एक सैलसर कुटुंबच तयार झाले होते. आपापल्या सरकारांना ते एकच गोष्ट सांगत होते. करारानेही या कुटुंबाला घर दिले. शास्त्रीय, तांत्रिक आणि आरोग्य-पर्यावरणविषयक अशी मंडळे नेमली गेली, त्यांचे अहवाल ठराविक काळाने येत राहिले, आणि प्रत्येक अहवालानंतर मुदती अलीकडे ओढल्या गेल्या. या मंडळांवर कारखान्यांतील अभियंतेही होते. सीएफसीशिवाय इलेक्ट्रॉनिक भाग स्वच्छच करता येणार नाहीत असे उद्योग सांगत असे. या अभियंत्यांनी शोधून काढले की बऱ्याच ठिकाणी पाण्याने काम भागते, आणि काही ठिकाणी धुण्याची गरजच नसते.

एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय आपल्या वाचकांना नवी नाही. येथे वास्तववादी, संस्थावादी आणि रचनावादी एकच घटना पाहतात आणि तिघांनाही आपापला पुरावा सापडतो. तथापि तिघांचे वजन सारखेच आहे असे मी म्हणणार नाही. करार सुरू होण्यास बलवानाचा पुढाकार लागला, आणि ज्ञानाशिवाय तो सुचलाच नसता. परंतु तो टिकला तो त्याच्या रचनेमुळे, असे माझे मत आहे.

चोरी झालीच

कारण फसवणूक झाली, एकदा नव्हे, अनेकदा. १९९०च्या दशकात अमेरिकेत सीएफसी महाग झाला आणि त्याची तस्करी सुरू झाली. मायामीच्या बंदरात कोकेनच्या खालोखाल नफ्याचा चोरटा माल हाच, असे त्या काळी म्हटले जाई. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर १९९५ मध्ये रशियाने आपण मुदत पाळू शकत नाही असे कळवले. करारातील संबंधित समितीने रशियाला बहिष्कृत केले नाही. हिशेब मागितला, निर्यातीवर मर्यादा घातली, आणि कारखाने बंद करण्यासाठी इतर राष्ट्रांकडून पैसा उभा राहिला. २००० च्या अखेरीस तेथील सीएफसीचे उत्पादन थांबले.

सर्वांत गंभीर प्रकार अलीकडचा. मे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, सीएफसी-११ या वायूचे हवेतील प्रमाण अपेक्षेइतके कमी होत नाही. २०१२ नंतर कोणी तरी दर वर्षी सुमारे १३ हजार टन जादा सोडत आहे. कागदोपत्री जगात त्याचे उत्पादन शून्य होते. कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा येथील केंद्रांच्या नोंदींवरून दुसऱ्या वर्षी माग लागला : वाढीचा मोठा हिस्सा पूर्व चीनमधून, विशेषतः शांतुंग आणि हपै प्रांतांतून येत होता. फोम बनवणारे कारखाने स्वस्तातला जुना वायू चोरून वापरीत होते. बीजिंगने सुरुवातीला आढेवेढे घेतले, पण तपासण्या वाढवल्या, धाडी घातल्या, आणि २०१९ पर्यंत हवेतील आकडे पुन्हा खाली आले. बलाढ्य चीनला कोणी सैन्याची धमकी दिली नव्हती. उघड्या वहीतील एक नोंद जुळत नव्हती, एवढेच.

१९८ सदस्यांनी मान्य केलेल्या या कराराचे फळ २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अहवालात दिसते. सध्याची वाटचाल कायम राहिली तर जगाच्या बहुतेक भागावरील ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. अंटार्क्टिकावर मात्र २०६६ उजाडेल. आज शाळेत जाणारी आपली नातवंडे तेव्हा पन्नाशीत असतील.

मग हवामानबदलाच्या बाबतीत असे का घडत नाही? सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते. कोळसा आणि तेल साऱ्या जगाच्या चुलीत आहे. सीएफसीला पर्याय देणाऱ्या कंपन्याच पूर्वीच्या उत्पादक होत्या; तेलाचा पर्याय मात्र तेल कंपन्यांच्या हाती नाही. कुंपणाबाहेरच्यांशी व्यापार बंद, ही अट कर्बवायूला लावायची तर जगातील जवळजवळ सर्वच माल थांबवावा लागेल. १९९७ च्या क्योटो करारात अमेरिका शेवटपर्यंत आली नाही, आणि तिला बाहेर राहण्याची काही किंमतही मोजावी लागली नाही. फरक राष्ट्रांच्या स्वभावात नव्हता.

जुन्या करारापुढे मात्र एक नवे काम येऊन पडले आहे. सीएफसीच्या जागी आलेले आर-१३४ए आणि त्याचे भाऊबंद ओझोनला इजा करीत नाहीत, परंतु कर्बवायूच्या शेकडो-हजारो पट उष्णता धरून ठेवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे राष्ट्रांनी त्यांनाही करारात ओढले. तेथे पुन्हा लंडनचाच खेळ झाला. भारताने अधिक मुदतीचा आग्रह धरला आणि ती मिळवली. चीनने २०२४ मध्ये वापर गोठवायचा, आपण २०२८ मध्ये. २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. भारताने २०२१ मध्ये याला संमती दिली. आपली आधारपातळी २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या वापरावरून ठरायची आहे. उन्हाळ्यात ज्या वेगाने आपण घरोघर वातानुकूलन यंत्रे बसवीत आहोत, त्याची मोजदाद याच वहीत होते आहे.